बावीस तुकड्या, एक पेटी: शाळेतल्या संगीत शिक्षकाचं वर्ष कसं बसवायचं

गेल्या जूनमध्ये सहावी ब चा संगीताचा तास गुरुवारी पाचवा लागला. कॅलेंडर पुढ्यात घेतलं आणि शाळा सुरू झाल्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचे गुरुवार मोजले. त्रेचाळीस भरले. मग खोडायला सुरुवात केली. दिवाळीच्या सुट्टीतले तीन, सणावारांचे चार, चाचण्या आणि सत्र परीक्षांचे पाच, गॅदरिंग आणि क्रीडा महोत्सवाचे चार, मुसळधार पावसामुळे अचानक जाहीर होणाऱ्या सुट्टीचा एक, आणि 'पोर्शन राहिलाय हो' म्हणून दुसऱ्या विषयाला जाणारे दोन. उरले चोवीस. तास पस्तीस मिनिटांचा, त्यातली पाच मिनिटं रांगेने संगीत कक्षापर्यंत यायला आणि चपला काढायला. हातात राहिली ७२० मिनिटं. म्हणजे सहावी ब मला अख्ख्या वर्षात बारा तास भेटते.

ठाण्यातल्या आमच्या शाळेत पाचवी ते दहावी अशा बावीस तुकड्या, साधारण अकराशे मुलं, आणि संगीताला मी एकटी. इतर विषयांच्या बाईंना सहा तुकड्या असतात आणि मुलांची नावं तोंडपाठ असतात. आपल्याला सगळी शाळा असते आणि नावं येतात ती फक्त सुरात गाणाऱ्यांची आणि मस्ती करणाऱ्यांची. त्यामुळे 'लक्षात ठेवीन' ही पद्धत आपल्याला परवडत नाही. अनेक वर्षं धडपडून जे बसलं ते इथे मांडते. संगीत शिक्षक म्हणून नव्याने रुजू होत असाल तर तेवढी धडपड वाचेल.

मोजणी जूनमध्येच, आणि कमीच्या बाजूने

वर लिहिलेली मोजणी बावीस वेळा करावी लागत नाही, वारानुसार करायची. सोमवारच्या सगळ्या तुकड्यांना एकच आकडा, मंगळवारच्यांना एकच. वेळापत्रक हातात आलं की पंधरा मिनिटांचं काम आहे. शाळेचं वार्षिक कॅलेंडर आणि परीक्षांचं नियोजन शेजारी ठेवा. सणांचे वार दरवर्षी बदलतात, त्यामुळे गेल्या वर्षीचा आकडा उपयोगी पडत नाही. मागे एकदा माझ्या सोमवारच्या तुकड्यांना बुधवारच्यांपेक्षा पाच तास कमी मिळाले होते, आणि मी सगळ्यांना एकच टाचण लावून बसले होते.

चोवीस तास निघाले तर वीस तासांचंच नियोजन करा. त्या विसात मी काय बसवते ते सांगते: तीन समूहगीतं, केहरवा आणि दादरा हे ताल हातावर धरून, पाच-सहा अलंकार (स्वरांच्या सरावाच्या ओळी), आणि सातवीपासून पुढे एका रागाची सरगम. कागदावर हे फार दिसत नाही. पण एका तुकडीतली चोपन्न मुलं दादऱ्याच्या सहा मात्रा टाळी-खालीसकट न चुकता देतात, तेव्हा त्यामागे किती तास गेलेत ते आपल्यालाच माहीत असतं. वरचे चार तास कुठेच लावू नका. ते जातातच.

गाणी तारखेपासून मागे मोजत लावा

एक नवं समूहगीत बसायला मला चार तास लागतात. पहिल्या तासाला शब्द आणि ध्रुवपद, दुसऱ्याला पहिला अंतरा, तिसऱ्याला दुसरा अंतरा तबल्याबरोबर, चौथ्याला उभं राहून, माइकसमोर, सुरुवातीच्या संगीतासकट. त्यात एक तास बुडणार हे धरून पाच. १५ ऑगस्टपासून मागे पाच आठवडे मोजले की जुलैचा दुसरा आठवडा येतो. म्हणजे गाणं निवडून, पट्टी (कुठल्या सुराला 'सा' धरायचा ते) ठरवून, शब्दांच्या प्रती काढून जूनअखेर तयार हवं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गाणं शोधत बसलं की पुढे काय होतं ते मी सांगायला नको.

वर्षातली ठिकाणं ठरलेली आहेत: आषाढीची दिंडी, १५ ऑगस्ट, गणेशोत्सव, ५ सप्टेंबर, नवरात्रातला भोंडला, गॅदरिंग, २६ जानेवारी, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, १ मे. प्रत्येकासाठी सगळ्या शाळेला नवं गाणं शिकवायचं नसतं. मी इयत्ता वाटून टाकते. पाचवी-सहावीचं १५ ऑगस्टचं, सातवीचं २६ जानेवारीचं, आठवी-नववीचं भाषा दिनाचं. दिंडीला मुलांच्या कानावर आधीच असलेला अभंग घ्या. शाळा सुरू होऊन काही आठवडेच झालेले असतात, तिथे नवी चाल बसवण्याचा हट्ट नको. भोंडल्याची गाणी मुलींना आजीकडून येतात, आपण फक्त लय धरायची. आणि २६ जानेवारीचं गाणं दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच सुरू करा, कारण डिसेंबरात गॅदरिंग सगळं खाऊन टाकतं.

कार्यक्रमाचं गाणं आणि अभ्यासक्रम असे दोन वेगळे डबे ठेवलेत की वेळ कायम कमी पडतो. १५ ऑगस्टचं गाणं केहरव्यातलं घ्या आणि केहरवा त्याच गाण्यावर शिकवा. दुसऱ्या सत्रात दादऱ्यातलं घ्या. ज्या रागाची सरगम शिकवायची आहे, त्याच्या जवळचं गाणं मिळालं तर सोन्याहून पिवळं.

परिपाठाकडे मात्र रोज लक्ष हवं, कारण तिथे सगळी शाळा एकत्र गाते आणि चूक सगळ्यांची एकदमच पक्की होते. राष्ट्रगीत ५२ सेकंदांत संपायला हवं. महिन्यातून एकदा मोबाइलवर वेळ लावून बघते. एकदा आमचं ६४ सेकंदांवर गेलं होतं, पेटी रेंगाळत होती आणि पेटीवर मीच होते. पट्टी ठरवताना सुरुवात सोपी वाटते म्हणून फसू नका, 'जय हे'ला तार षड्ज, म्हणजे वरचा 'सा' आहे. २०२३ साली राज्यगीत म्हणून स्वीकारलेलं 'जय जय महाराष्ट्र माझा' आता परिपाठात असतं, त्यामुळे दोन्हींना सोसेल अशीच पट्टी धरा.

तुकडीची वही

सगळ्या व्यवस्थेतली एकच गोष्ट ठेवायची म्हणाल तर ही ठेवा. दोनशे पानी वही, प्रत्येक तुकडीला आठ पानं, वरच्या कडेला तुकड्यांच्या चिकटपट्ट्या. प्रत्येक तासानंतर चार ओळी, त्याहून जास्त नाही. गेल्या वर्षीचं एक पान उघडून जसंच्या तसं देते:

'७ अ, बुधवार. ध्रुवपद पक्कं. अंतऱ्याची दुसरी ओळ घसरते, गंधार कोमल लावतात, शुद्ध हवा. पुढच्या वेळी ती ओळ शब्दांशिवाय, फक्त 'आ'कारात. खिडकीकडची रांग बोलते. ऐकले: १३ ते १८.'

पुढच्या बुधवारी दारात उभी राहून हे पान वाचलं की पहिली पाच मिनिटं वाया जात नाहीत. नाहीतर 'कुठपर्यंत आलो होतो आपण?' असं मुलांना विचारावं लागतं, आणि मुलं आपल्या सोयीचं उत्तर देतात.

शेवटचा 'ऐकले: १३ ते १८' हा भाग मूल्यमापनाचा. दर तासाला हजेरीपटाच्या क्रमाने सहा मुलं, प्रत्येकी दोन ओळी. चोपन्नची तुकडी नऊ तासांत संपते, म्हणजे प्रत्येक सत्रात एक फेरी सहज होते. नावापुढे तीनच खुणा: सूर, लय, उच्चार. सत्राच्या शेवटी आकारिक नोंदी आणि श्रेणी भरायला बसलं की सगळं तयार असतं. परीक्षेच्या आठवड्यात अकराशे मुलांचं गाणं ऐकायचं ठरवून मी एका वर्षी अक्षरशः रडकुंडीला आले होते, आणि शेवटी बऱ्याच जणांना अंदाजाने 'ब' दिला. तो अन्याय होता. हळू आवाजात नीट गाणारी मुलं त्यात सगळ्यात जास्त भरडली जातात.

वही लिहायची कधी? तास संपल्या संपल्या तीस सेकंदांत दोन शब्द, आणि बाकीचं परतीच्या गाडीत. मी कोपरखैरण्याला राहते. ठाण्याहून वाशीकडे जाणारी गाडी सुटायच्या आधी बसायला जागा मिळाली तर दिघागाव, ऐरोली, रबाळे, घणसोली जाईपर्यंत पाच तुकड्यांचं लिहून होतं. उभं राहावं लागलं तर मोबाइलवर बोलून ठेवते. घोडबंदर रोडने बसने जाणाऱ्यांना तर ट्रॅफिकमुळे आत्मचरित्र लिहिण्याइतका वेळ असतो.

गाण्याचं पाकीट

प्रत्येक गाण्याला एक पारदर्शक पाकीट. आत चार गोष्टी: मोठ्या अक्षरातले शब्द, भातखंडे पद्धतीने लिहिलेली स्वरलिपी, पट्टी-ताल-लय लिहिलेली चिठ्ठी, आणि सुरुवातीच्या व मधल्या संगीताचे तुकडे. आपण स्वतः बसवलेली चाल आपल्याला कायम आठवेल असं वाटतं. तीन वर्षांनी आठवत नाही, हे मी शपथेवर सांगते. म्हणून कोमल स्वराखालची रेघ आणि तीव्र मध्यमावरची उभी रेघ आळस न करता काढा. त्याच गाण्याचं स्वतःच्या आवाजातलं रेकॉर्डिंग मोबाइलमध्ये ठेवा आणि नावातच सगळं लिहा: '१५ऑगस्ट_पांढरीएक_केहरवा'. 'नवीन रेकॉर्डिंग ४७' या नावाने ठेवलेलं गाणं शोधत बसलात तर मधली सुट्टी संपते.

पट्टीबद्दल एक युक्ती. सगळी समूहगीतं दोनच पट्ट्यांत बसवायची, पांढरी एक आणि पांढरी चार, म्हणजे पेटीची पहिली किंवा चौथी पांढरी पट्टी 'सा' धरून. तार सप्तकाकडे झुकणारी गाणी पांढरी एकमध्ये, मंद्र पंचमापर्यंत उतरणारी पांढरी चारमध्ये. पांढरी चारचा पंचम म्हणजे पांढरी एकच, त्यामुळे पांढरी एकला लावलेला तबला दोन्हीकडे चालतो. कार्यक्रमात दोन गाण्यांच्या मध्ये हातोडीची ठकठक होत नाही.

आठवी-नववीच्या मुलांचे आवाज फुटत असतात. त्यांना पाचवीच्या मुलांबरोबर एकाच सप्तकात ओढू नका. खालच्या सप्तकात गाऊ द्या, नाहीतर ढोलकी, झांज, खंजिरी हातात द्या. 'तुझा आवाज बिघडला' हे वाक्य वर्गात कुणी बोललं की तो मुलगा पुढे गातच नाही.

वाद्यांचं कपाट

एका वर्षी १४ ऑगस्टच्या रंगीत तालमीला मी तबला काढला आणि चाट, म्हणजे तबल्याच्या चामड्याची कड, सैल. पंधरा दिवस संततधार होती, कपाट भिंतीला टेकलेलं, भिंतीला ओल. कडेच्या विणलेल्या गजऱ्यावर ठोकत गेले, वाद्यांखालचे लाकडी गट्टे खाली सरकवले, आणि एका घावाला पुडीच, म्हणजे वरचं चामडंच गेलं. दुसऱ्या दिवशी झेंडावंदनाचं गाणं ढोलकीवर झालं. पालकांना आवडलं, पण मला रात्रभर झोप नव्हती.

तेव्हापासूनचे नियम असे. दुरुस्ती मे महिन्यात. जूनमध्ये कारागिराकडे रांग असते, आणि गणपतीच्या आधी तर तो फोनही उचलत नाही. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे, वाद्यं खालच्या फळीवर नाहीत. तबल्यावर जाड कापडी टोपी, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या, दर महिन्याला बदलायच्या. तबला उन्हात ठेवून कडक करायचा मोह होतो, तो आवरा, चामडं तडकतं. पेटी रोज दहा मिनिटं तरी वाजू द्या, आणि भात्याकडे लक्ष ठेवा, उंदरांना तो फार आवडतो. सुटे तबला-डग्गा असतील तर जोड्यांवर रंगाने आकडे घाला. टाळांच्या जोड्या पेटाऱ्यात न टाकता खिळ्यांवर अडकवा, प्रत्येक खिळ्याखाली आकडा. कुठला खिळा रिकामा ते दारातूनच दिसतं.

डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या सामानाची नोंदवही, कंटाळवाणं असतं, पण तपासणीला विचारतात आणि हरवलेल्या झांजेचे पैसे कुणी भरायचे हा प्रश्न आपल्यापाशीच येतो. तुम्ही रुजू झालात त्या आठवड्यात सगळी वाद्यं स्वतः मोजून, मोडक्यांच्या नोंदीसकट मुख्याध्यापकांची सही घ्या.

'तुमचा तास ऑफ आहे ना?'

हे वाक्य स्टाफरूममध्ये दर आठवड्याला ऐकू येतं. चित्रकलेच्या सरांना आणि आपल्याला. बदली तास सगळ्यांनाच असतात, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती संगीताचा तास हा शिल्लक तास समजण्याबद्दल. मी भांडून बघितलं, रुसून बघितलं. उपयोग झाला तो जूनमधल्या त्या मोजणीचा. आता वारांचे आकडे आणि कार्यक्रमांची गाणी एका पानावर लिहून शाळेच्या पहिल्याच आठवड्यात पर्यवेक्षक बाईंच्या टेबलावर ठेवते. कुणी तास मागितला की शांतपणे म्हणते, "घ्या की. पण ६ ब चे १५ ऑगस्टपर्यंत चारच राहिलेत. बदल्यात शुक्रवारचा तुमचा देता?" निम्म्या वेळा मागणारेच माघार घेतात. उरलेल्या वेळा तास परत मिळतो.

गॅदरिंग

इथे सगळ्यात जास्त ताकद जाते, आणि ती बहुतेक वेळा गाण्यावर जात नाही.

सगळ्यात आधी तक्ता. आडवे कार्यक्रम, उभी मुलं. चांगलं नाचणारी, गाणारी आणि बोलणारी मुलं तीच ती असतात, आणि प्रत्येक बाई त्यांना आपल्या कार्यक्रमात घेते. तक्ता केला नाही तर रंगीत तालमीत कळतं की कोळीगीतातली मुलगी पुढच्याच समूहगीतात पहिल्या रांगेत आहे आणि तिला लुगडं बदलायला दीड मिनिट मिळणार आहे. एका मुलाला दोनच कार्यक्रम हा नियम मुख्याध्यापकांच्या तोंडून जाहीर करून घ्या, तुमच्या तोंडून नको.

नंतर वेळ. बावीस कार्यक्रम, प्रत्येकी चार मिनिटं, मध्ये दीड मिनिट: १२१ मिनिटं झाली. त्यात दीपप्रज्वलन, अहवालवाचन, बक्षिसं, पाहुण्यांचं भाषण. गडकरी रंगायतन असो, घाणेकर असो की वाशीचं भावे नाट्यगृह, सत्र संपलं की पुढचे लोक दाराशी उभे असतात. म्हणून चार मिनिटांच्या वरचं गाणं मी कापूनच मागते.

ट्रॅक गोळा करणं हा वेगळाच वैताग. व्हॉट्सॲपवर सोळा बाई सोळा प्रकारे पाठवतात, त्यात कुणाचा व्हिडिओ, कुणाच्या मध्ये जाहिरात. मी एक तारीख देते, कार्यक्रमाच्या पंधरा दिवस आधीची. त्यानंतर आलेला ट्रॅक घेते, पण तालमीत शेवटचा नंबर. आलेला प्रत्येक ट्रॅक पूर्ण ऐकायचा, आवाज सारख्या पातळीवर आणायचा, नाव बदलून क्रमांक पुढे लावायचा: '०७_५क_लेझीम'. दोन पेनड्राइव्ह आणि एक लॅपटॉप, तिन्हीत सारखंच. इंटरनेटवरून काहीही वाजवायचं नाही. ज्या मोबाइलवरून वाजवणार तो फ्लाइट मोडवर. लेझीमच्या मध्येच कुणाच्या तरी सासूबाईंचा फोन सभागृहभर वाजलेला मी ऐकला आहे.

साउंडवाल्या दादांसाठी एक वेगळा कागद करा. त्यावर क्रमांक, ट्रॅकचं नाव, किती माइक, ट्रॅक मुलं आत यायच्या आधी सुरू की जागेवर उभी राहिल्यावर, आणि कुठे हळूहळू बंद. त्यांना आधी चहा द्या आणि मग कागद द्या.

पालक विचारतात की सिनेमातली गाणी वाजवायला परवानगी लागते का. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शाळेच्या उपक्रमात शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेल्या सादरीकरणाला सवलत आहे, प्रेक्षक शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि शाळेशी संबंधित असतील तर. त्याचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकणं ही निराळी गोष्ट, तिथे आवाज बंद झाला तर आश्चर्य नको.

पोशाख, मेकअप, फुलांची ऑर्डर ही कामं घेऊ नका. एकदा घेतलीत की दरवर्षी तुमची.

परीक्षा आणि दहावीचे वाढीव गुण

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मग मध्यमा अशा पायऱ्या आहेत. शास्त्रीय कलांच्या परीक्षा दिलेल्या मुलांना दहावीला वाढीव गुण मिळतात, पण प्रस्ताव शाळेमार्फत जातो. पालकांना हे दहावीच्या डिसेंबरात आठवतं. मी सहावीच्या पहिल्या पालकसभेत सांगते आणि आठवीपासून प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स एका फाइलीत जमा करते. अटी आणि मुदती दहावीच्या बोर्डाच्या चालू परिपत्रकातूनच बघा, गेल्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका.

गळा

दिवसाला पाच तास मुलांबरोबर गायलं तर दिवाळीपर्यंत आवाज बसतो. ओळ एकदा गाऊन दाखवा, मुलं गातील तेव्हा गप्प राहा आणि ऐका. चुका त्यामुळेच कळतात. परिपाठात माइक वापरा, ओरडून शांत करायचं काम पेटीच्या एका ठरलेल्या सुरावर सोपवा. आमच्या मुलांना माहीत आहे, तार षड्ज लांब वाजला की बोलणं थांबवायचं. पाण्याची बाटली पेटीवर ठेवू नका, एवढंही सांगून ठेवते.

एप्रिलचं शेवटचं पान

परीक्षा संपल्यावर आणि सुट्टी लागायच्या आधी दोन-तीन मोकळे दिवस मिळतात. त्यात पाकिटं लावून टाका, खिळे मोजा, दुरुस्तीची वाद्यं बाहेर काढा, आणि वहीच्या शेवटच्या पानावर पुढच्या जूनसाठी लिहून ठेवा. माझ्या यंदाच्या पानावर असं आहे: 'दोन नंबरच्या डग्ग्याची पुडी. टाळ २३ जोड्या, एक ६ क कडे, मागणे. २६ जानेवारीचं गाणं फार लांब होतं, एक अंतरा कमी. ८ क चा तास शुक्रवारी शेवटचा नको, सांगून बघणे.'